दिवाळीच्या साफसफाईत पाम छाटताय? आधी वर पाहा, झावळीत संसार असू शकतो

वर्धा : दसरा झाला की घराघरांत साफसफाई निघते. भिंतीला रंग, छताची जाळी आणि अंगणातल्या झाडांची छाटणी. आता गावातही बंगलेवजा घरं झाली आहेत, लेआऊट पडले आहेत. गेटच्या दोन्ही बाजूंना पामची दोन झाडं ही जणू रीतच झाली आहे. मंगल कार्यालय, पेट्रोल पंप, शाळा, बँक, कुठंही जा, पाम दिसतोच. मग दिवाळीआधी कोणाला तरी कोयता देऊन वर चढवतात आणि लोंबणाऱ्या वाळल्या झावळ्या साफ करून घेतात. झाड कसं चकाचक दिसतं!

पण नेमक्या त्याच वाळल्या झावळीत कोणाचं तरी घर असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्यात अंडी किंवा बिनपंखाची पिल्लं असू शकतात. कोयता मारणाऱ्याला ते खालून दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा झावळी जमिनीवर आलेली असते. म्हणून कोणत्या पामवर कोणता पक्षी राहतो, कुठं राहतो, आणि झाड साफ करायचं तर कधी आणि कसं, हे आधी समजून घेऊ.

पाम म्हणजे आपली सिंदीच

पाम हा शब्द नवा, पण झाडाचं कूळ आपल्या ओळखीचं आहे. शिंदी, ताड, नारळ, सुपारी ही सगळी त्याच घराण्यातली. आपल्याकडं शिंदीला सिंदी म्हणतात. नाल्याच्या काठानं, धुऱ्यावर, पडीत जागेत ती आपोआप उगवते. तिला कोणी पाणी देत नाही, खत देत नाही. मुळांनी नाल्याची दरड धरून ठेवते. पानांचे फडे बांधायचे, चटया विणायच्या, फळं पोरांनी आणि पाखरांनी मिळून खायची.

या झाडाची कदर आपल्याच जिल्ह्यात झाली होती. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम वर्ध्याच्या मगनवाडीतून चालायचं. ताडाच्या आणि शिंदीच्या गोड रसापासून गूळ करणं हा त्या संघानं पुढं आणलेल्या ग्रामोद्योगांपैकी एक. सेवाग्रामला गेलात तर बापूकुटीच्या मातीच्या भिंतीवर मीराबेन यांच्या हातची उठावाची चित्रं बघा. त्यात ताडाच्या जातीचं झाड सहज ओळखू येतं.

आज धुरे साफ होतात, नाले रुंद होतात, जेसीबी येतो आणि काठावरची सिंदी सगळ्यात आधी जाते. पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर राहणाऱ्या पक्ष्यांना मग दुसरी जागा शोधावी लागते. गावाच्या कडेला, वावराला लागून असलेल्या बंगल्यातला पाम त्यांना चालतो. त्यांच्या लेखी तो शोभेचा नाही, राहण्याचा आहे.

पामवरच घरटं का?

कारणं साधी आहेत. पामला फांद्या नसतात. खोड सरळ, उंच, आणि सगळी पानं शेंड्याला. मांजर, मुंगूस यांना तिथवर जाणं कठीण. शिंदीच्या पानाच्या बुडाशी तर सुईसारखे काटे असतात, म्हणजे फुकटचं कुंपण. लांब झावळीच्या टोकाला लटकवलेलं घरटं वाऱ्यावर झुलतं. तिथं सापाला पोचता येत नाही असं नाही, पण त्याला कसरत करावी लागते. वरच्या हिरव्या पानांची सावली मिळते आणि पाऊस थेट आत येत नाही. शिवाय झावळीची पाती दोऱ्यासारखी फाटते, म्हणजे विणायला सूत जागेवरच.

मात्र प्रत्येक पाम सारखा नाही. रॉयल पाम आणि बॉटल पाम यांची जुनी झावळी पिकली की बुडासकट आपोआप गळून पडते. खोड गुळगुळीत राहतं, म्हणून त्यावर घरटी कमी दिसतात. पंख्यासारख्या पानांचा फॅन पाम मात्र वाळलेली पानं धरून ठेवतो, खोडाभोवती घागऱ्यासारखा घेर तयार होतो. ताडाचंही बरंचसं असंच. हा घागरा आपल्याला कचरा वाटतो, पक्ष्यांना चाळ वाटते.

सुगरण : विणणारा नर, पसंत करणारी मादी

पामवरचा सगळ्यात ओळखीचा भाडेकरू म्हणजे सुगरण. शब्द बाईमाणसाचा, पण खोपा विणतो तो नर. पावसाळ्यात त्याचं डोकं आणि छाती पिवळी धमक होते. एरवी तो चिमणीसारखाच दिसतो, म्हणून हिवाळ्यात आपण त्याला ओळखत नाही.

हे कोडं नीट सोडवलं ते डॉ. सलीम अली यांनी. १९३० साली नोकरी सुटली होती, तेव्हा ते अलिबागजवळच्या किहीम गावात राहायला गेले. जवळच सुगरणींची वसाहत होती. रोज तासन्‌तास बसून त्यांनी एकेक खोपा पाहिला. त्यांना दिसलं ते असं : नर आधी अर्धाच खोपा विणतो, हेल्मेट उलटं टांगल्यासारखा. मग माद्या येतात, आत शिरतात, ओढून-ताणून बघतात. पसंत पडला तर मादी आत राहते आणि नर उरलेला खोपा, खालची नळी पुरी करतो. नापसंत झाला तर तो तसाच अर्धा लटकत राहतो. आणि एक खोपा मादीला पसंत पडला की नर लगेच दुसऱ्याच्या तयारीला लागतो, दुसऱ्या मादीसाठी!

म्हणून एकाच झाडावर काही खोपे पुरे आणि काही अर्धे दिसतात. अर्धा खोपा बघून ‘हे टाकून दिलेलं घर आहे’ असं समजू नका. कदाचित त्याची अजून पसंती व्हायची असेल.

एका खोप्यासाठी नर चोचीत पात्याची पट्टी धरून पाचशेपर्यंत फेऱ्या मारतो. गवत, धान, ऊस, झावळी, जे जवळ मिळेल त्याच्या पट्ट्या काढतो. अर्धा खोपा व्हायला आठेक दिवस, पुरा व्हायला अठराएक दिवस लागतात. मादी दोन ते चार पांढरी अंडी घालते आणि ती एकटीच उबवते, साधारण १४ ते १७ दिवस. पिल्लं उडून जायला आणखी सतरा दिवसांच्या आसपास. म्हणजे पहिल्या पट्टीपासून पिल्लू उडेपर्यंत दीड-दोन महिने ती झावळी जागेवर राहिली पाहिजे. हंगाम जूनपासून सप्टेंबरपर्यंत, आणि पाऊस लांबला की पुढं ऑक्टोबरपर्यंतही सरकतो. नेमकी आपली साफसफाई तेव्हाच सुरू होते.

खोप्यात आतून ओल्या चिखलाचे गोळे चिकटवलेले असतात. सुगरण त्यात काजवे खोचून दिवा लावते, अशी गोष्ट आपण लहानपणी ऐकली. काजव्याची गोष्ट छान आहे, पण चिखल मात्र खरा. बहुतेक खोपे झाडाच्या पूर्व बाजूला दिसतील. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, त्याची झोड चुकवण्यासाठी ही आडोशाची बाजू.

ताड पाकोळी : थुंकीनं चिकटवलेलं घर

दुसरा पक्षी कमी लोकांना माहीत आहे. संध्याकाळी ताडाभोवती कोयत्यासारख्या पंखांचे बारीक, करडे पक्षी ‘ट्री ट्री’ करत गरगर फिरतात. ती ताड पाकोळी. तिचे पाय इतके आखूड की तिला फांदीवर बसताच येत नाही. ती फक्त उभी लटकू शकते. त्यामुळं तिला ताडाचं किंवा फॅन पामचं खाली लोंबणारं पान लागतं. पानाच्या आतल्या बाजूला, घडीत, ती पिसं आणि कापसासारखं मऊ काही स्वतःच्या थुंकीनं चिकटवते. वाटीएवढंही नाही, चमच्याएवढं घरटं. त्यात दोन-तीन अंडी. पिल्लं बाहेर आली की नख्यांनी त्याला धरून लटकतात.

ही पाकोळी वर्षातून कधीही अंडी घालू शकते. दिवसभर हवेतच डास, चिलटं, उडते किडे टिपत फिरते. तिच्यासाठी हिरवं पान कमी कामाचं. जुनं, वाळलेलं, लोंबणारं पान हेच तिचं घर. झाडाचा घागरा पुरा काढला की त्या झाडावरची पाकोळी संपली, कारण बाजूच्या आंब्यावर किंवा निंबावर ती घरटं करूच शकत नाही.

बाकीचे भाडेकरू

झुडपासारख्या दाट अरेका पामात लालबुड्या बुलबुल वाटीसारखं घरटं करतो. मुनिया गवताचा गोळा करून पानाच्या बेचक्यात ठेवते. होला चार काड्या टाकतो आणि त्यालाच घर म्हणतो, खालून अंडी दिसतील इतकं विरळ. चिमण्या वाळल्या घागऱ्यात शिरतात. उंच नारळावर घार घरटं बांधते.

मेलेल्या पामचं खोडही रिकामं राहत नाही. आत ते मऊ असतं. तांबट, सुतार त्यात भोक पाडतात. ते सोडून गेले की मैना, पोपट, पिंगळा आणि नीलपंख तिथं येतात. नीलपंख म्हणजे आपल्या वर्धेकरांनी मतदानातून निवडलेला शहरपक्षी. दसऱ्याला त्याचं दर्शन शुभ मानतात. ज्या ढोलीत तो पिल्लं वाढवतो ते वाळकं खोड मात्र आपण ‘कशाला ठेवायचं’ म्हणून पाडतो. घराच्या, रस्त्याच्या किंवा तारेच्या अंगावर पडायची भीती नसेल तर वाळलेलं खोड उभं राहू द्यायला काय हरकत आहे?

पिंगळ्याबद्दलही एक शब्द. त्याचं ओरडणं अशुभ मानून लोक ढोली बुजवतात. तो खातो किडे आणि उंदीर. ज्याच्या वावरात उंदरांनी भुईमुगाची वाट लावली आहे त्यानं तर त्याला घरचाच समजावा.

झाडाचं नुकसान होतं का?

हा प्रश्न बरेच जण विचारतात. सुगरण झावळीच्या पट्ट्या काढते, त्यामुळं काही पानं झालरीसारखी फाटलेली दिसतात. झाड त्यानं मरत नाही. पामचा जीव असतो शेंड्यातल्या एकाच कोंबात. तो कोंब पक्षी खात नाहीत. कोंब पोखरतात ते गेंडा भुंगा आणि लाल सोंड्या भुंगा.

इथंच छाटणीची गोष्ट येते. झाड ‘सुबक’ दिसावं म्हणून बरेच जण वाळल्यासोबत हिरव्या झावळ्याही उडवतात आणि वर फक्त शेंडी ठेवतात. हिरवी झावळी म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर, ती गेली की झाड उपाशी राहतं. ताज्या जखमेच्या वासानं सोंड्या भुंगाही ओढला जातो. म्हणजे जास्त छाटणीनं पक्ष्याचं घर जातं आणि तुमचं हजारो रुपयांचं झाडही धोक्यात येतं.

पिकाचं म्हणाल तर खोटं कशाला सांगायचं, सुगरणीचे थवे ज्वारीच्या कणसावर येतात. गोफण घेऊन माचीवर बसलेल्या पिढीला ते ठाऊक आहे. पण पिल्लांना ती दाणे नाही, अळ्या, नाकतोडे, किडे भरवते. तिचे पिल्लांचे दिवस म्हणजे आपल्या सोयाबीन-पऱ्हाटीवरच्या अळीचे दिवस. त्यानं फवारणी वाचेल असं कोणी म्हणत नाही, पण हिशेब करताना ही बाजूही धरली पाहिजे.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ म्हणजे फक्त बंदूक किंवा फासा नाही. वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं, अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणं हेही त्या व्याख्येत येतं. म्हणजे घरटं तुमच्या मालकीच्या झाडावर असलं तरी पिल्लांसकट ते पाडायची मोकळीक नाही. शहरात नगरपरिषदेच्या हद्दीत झाडच तोडायचं असेल तर नगरपरिषदेची परवानगी वेगळी लागते.

मग झाड साफ कधी आणि कसं करायचं?

झाड कधीच साफ करू नका, असं कोणी म्हणत नाही. लेकरं खाली खेळतात, झावळी डोक्यात पडू शकते, तारेला लागू शकते. फक्त एवढं पाळा :

१. कोयता वर नेण्याआधी सकाळी किंवा संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं झाडाकडं बघत बसा. पक्षी त्याच जागी पुन्हा पुन्हा ये-जा करत असेल, चोचीत काडी किंवा किडा असेल, आतून चिवचिव येत असेल, तर घर चालू आहे. मोबाईलचा कॅमेरा झूम केला की खालूनच बरंच दिसतं.

२. सुगरणीचे खोपे असलेल्या झाडाला दिवाळीपर्यंत हात लावू नका. नोव्हेंबरअखेर ते जानेवारी हा त्यातल्या त्यात बरा काळ. उन्हाळा लागता लागता बुलबुल, मैना, पोपट यांचा हंगाम सुरू होतो. आणि पाकोळीला महिनाच नाही, म्हणून बघितल्याशिवाय कोणत्याही महिन्यात कापू नका.

३. पूर्ण वाळलेली आणि धोक्याची झावळीच काढा. हिरवी ठेवा. फॅन पामचा घागरा पुरा सोलू नका. रस्त्याकडची बाजू साफ करा, मागची राहू द्या.

४. झावळी विजेच्या तारेला लागत असेल तर स्वतः चढू नका, महावितरणला कळवा. तेवढी एकच झावळी काढायला सांगा.

५. वाऱ्यानं खोपा पिल्लांसकट खाली पडला तर तो सुतळीनं त्याच झाडाला, जमेल तितक्या उंचावर, सावलीत बांधा आणि दूर व्हा. ‘माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते’ हा गैरसमज आहे. आई पिल्लाच्या आवाजावर येते.

६. पाकोळी जमिनीवर पडलेली सापडली तर तिला हवेत भिरकावू नका. आखूड पायांमुळं तिला जमिनीवरून उडता येत नाही. उघड्या तळहातावर घेऊन हात उंच धरा, जमलं तर ती स्वतः उडेल.

७. पक्षी जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. वर्ध्याजवळ पिपरी (मेघे) इथं पीपल फॉर अॅनिमल्सचं करुणाश्रम आहे, तिथंही जखमी पशुपक्ष्यांवर उपचार होतात.

८. संक्रांतीनंतर झावळ्यांत अडकलेला मांजा काढून टाका. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्येच बंदी घातली आहे, तरी तो झाडावर वर्षभर लटकतो आणि पाय अडकलेला पक्षी तिथंच उलटा टांगून मरतो.

९. रिकामे खोपे दिवाणखान्यात टांगायला तोडून आणू नका, जत्रेत विकत घेऊ नका. सुगरण गेली की जुन्या खोप्यात मुनिया राहायला येते.

एक सिंदी धुऱ्यावर राहू द्या

घरच्या पामवर पक्षी आला तर तो आपला पाहुणा समजावा. पण सगळे पक्षी बंगल्यात मावणार नाहीत. सुगरणीला झाडाजवळ लांब पात्याचं गवत लागतं, पाणी लागतं, आणि आठ-दहा खोपे एकत्र टांगता येतील अशी जागा लागते. ती जागा म्हणजे नाल्याकाठची सिंदी. सेलू तालुक्यातलं सिंदी (रेल्वे) असो की वर्ध्याजवळचं सिंदी (मेघे), आपल्या गावांच्या नावातही हा शब्द आहे. पुढच्या वेळी नाला खोलीकरणाचं काम निघालं की ग्रामपंचायतीत एवढंच सांगा : काठावरची सिंदी ठेवा, मशीन दुसऱ्या बाजूनं लावा. स्वतःच्या धुऱ्यावर उगवलेलं रोप वखरताना उपटू नका. ते सावकाश वाढतं, पण मागत काही नाही.

५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. ५ तारीख मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, १२ तारीख डॉ. सलीम अली यांचा. दिवाळी त्याच्याच आगेमागे येते. शाळेतल्या पोरांना त्या आठवड्यात गावातले ताड, सिंदी, पाम मोजायला सांगा आणि कोणत्या झाडावर किती खोपे आहेत ते वहीत लिहायला सांगा. पुढच्या वर्षी पुन्हा मोजा. आपल्या गावात सुगरण वाढली की घटली, हे मग कोणाला विचारावं लागणार नाही.